लिहून दिलेली पाडी

डिसेंबर लागला की नववीची मुलं माझ्या कपाटाकडे बघायला लागतात. खालच्या फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. झाकणावर बर्फातली घोडागाडी रंगवलेली आहे, पण इतक्या वर्षांत घोड्याचं तोंड झिजून गेलंय. या डब्यात मी निबंधाचे विषय चिठ्ठ्या करून ठेवते. शनिवारी शेवटच्या तासाला डबा बाहेर येतो. मी तो कानाशी धरते, हलवते, आत कुणीतरी कुजबुजतंय आणि मला ते पटत नाही असा चेहरा करते, आणि मग एका मुलाला हात घालू देते. चिठ्ठी साधेपणानं काढता येते, हे मलाही कळतं. पण केस पिकलेली बाई भर वर्गात डब्याशी भांडते आहे, हे बघायला मागची बाकं जशी पुढे सरकतात, तशी ती व्याकरणाला सरकत नाहीत.

यंदाही सरकली. बाहेर धुकं पटांगणात येऊन बसलं होतं. रामनगरच्या दुकानांतून कागदी चांदण्या टांगल्या गेल्या होत्या. दिवाळीचे उरलेले आकाशकंदील त्यांच्या शेजारीच लटकत होते आणि त्यांचं आपसात बरं चाललेलं दिसत होतं. जोयड्याच्या डोंगरात या दिवसांना दोन वास असतात. एक मळणी झालेल्या भाताच्या पिंजराचा, कोरडा आणि उबदार. दुसरा नुकत्याच खणून काढलेल्या कंदांचा. मुलांच्या नखांत ती ओली काळी माती असते, वह्यांच्या कोपऱ्यांवर तिचे ठसे असतात. मी वही नाकाशी नेऊन सांगू शकते की या पोरानं काल अभ्यास केला की मुडलीचे कंद खणले. मुलांना वाटतं बाईंना जादू येते. मी तो समज मोडत नाही.

हे दोन्ही वास एकत्र आले की मला चार वर्षांपूर्वीचा डिसेंबर आठवतो. आठवतो म्हणजे काय, येऊन समोरच्या बाकावर बसतो आणि माझ्याकडे बघत राहतो.

त्याआधी या डब्याचं सांगते. मी शिकवायला लागले तेव्हा निबंध म्हणजे गाईड. ‘शेतकऱ्याचे आत्मवृत्त’ हा विषय दिला की चाळीस मुलांचा शेतकरी एकाच वाक्यात रडायचा, त्याच झाडाखाली बसायचा आणि त्याच ओळीवर आभाळाकडे बघायचा. ज्यांच्या घरी चार पिढ्या भात पिकतोय त्या पोरांचा शेतकरी पुण्याच्या छापखान्यातून आलेला असायचा. एकदा मी विचारलं, “अरे, तुझा बाप आभाळाकडे बघतो का?” तो म्हणाला, “न्हाई बाई, मोबाईलकडं बघतोय.” “मग ते लिही की!” तो घाबरला. “तसं लिवलं तर मार्क देतासा?”

त्या दिवशी मी गाईडला सापडणार नाहीत असे विषय काढायचं ठरवलं. सुप्याच्या धरणाखाली गेलेल्या गावात आज आठवड्याचा बाजार भरला आहे. घरातल्या सगळ्यांत गप्प वस्तूला आज तोंड फुटलं. आईला आज सुट्टी. आणि नाताळ जवळ आला की खास नाताळचे. कॅसलरॉकच्या स्टेशनावर सांताक्लॉज उतरला आणि त्याची पुढची गाडी चुकली. बाळाच्या भेटीला निघालेले तीन राजे चांदणी बघत बघत कुळगीच्या जंगलात शिरले आणि त्यांना फॉरेस्ट गार्डनं अडवलं. गव्हाणीशेजारच्या बैलानं त्या रात्री काय पाहिलं, ते बैलानंच सांगावं.

काय काय लिहिलं मुलांनी! सांताक्लॉजला फॉरेस्ट गार्डनं तासभर बसवून ठेवलं, कारण त्याच्या गाडीला सांबरं जुंपलेली आणि सांबर पाळायचा परवाना त्याच्याजवळ नाही. राजांनी आणलेला धूप कुणाच्या हद्दीतल्या झाडाचा, याची चौकशी झाली. बैल म्हणाला, मला काही दिसलं नाही, मी दिवसभर चिखलात राबून आलो होतो, झोपलो. या शेवटच्या वाक्याला मी पैकीच्या पैकी मार्क दिले.

वर्गात ख्रिस्ती मुलं दोन-तीन असतात, कधी एकही नसतं. पण नाताळ सगळ्यांच्या ओळखीचा होता, आणि तो रोजामायमुळे. आमच्या शाळेची घंटा तिनं बावीस वर्षं वाजवली. निवृत्त झाल्यावर ती कॅसलरॉकला आपल्या भावाच्या रिकाम्या घरात राहायला गेली. रुळांपलीकडे घर, पुढे पडवी, आणि दर नाताळला त्या पडवीत ती देवबाळाच्या जन्माचा गोठा मांडते. बांबूच्या कामट्यांचा, वर पिंजर शाकारलेला. जनावरं तिनं स्वतः मातीची केलेली. मेंढ्यांना कापूस डकवलेला. नाताळच्या दोन-अडीच आठवडे आधी ती नारळाच्या करवंट्यांत माती भरून नाचणी पेरते. नाताळापर्यंत बोटभर हिरवी रोपं येतात आणि ते बाळाच्या गोठ्याचं कुरण होतं. आमच्या पोरी पहिल्यांदा ते बघून म्हणाल्या, “बाई, हे तर नवरात्रातलं रुजवण!” रोजामाय म्हणाली, “माती एकच गो बाय, ती काय कॅलेंडर बघते?” दर वर्षी मी वर्गाला तिथं नेते. गाडीनं जायचं, केक खायचा, गोठा बघायचा, घाटासाठी गाड्यांना मागून जादा इंजिनं जोडतात ते बघायचं आणि परत यायचं.

तर त्या डिसेंबरात चिठ्ठी निघाली ती अशी: ‘रोजामायच्या गोठ्यात बाळ आलंय. तुम्ही भेटायला निघालात. बरोबर काय न्याल?’

मी नेहमीसारखी टेबलाभोवती फिरले, हात पसरले आणि म्हणाले, “काहीही न्या! हत्ती न्या, रेल्वे न्या. कल्पनेला कुणी अडवत नाही!” हे वाक्य मी तेव्हा फार उदारपणे वापरायची.

एकानं स्वेटर नेला. एकानं मधाचं पोळं नेलं, माश्यांसकट. एकीनं मोबाईलची रेंज नेली, कारण रोजामायच्या पडवीत रेंज नाही आणि बाळाच्या आईला तिच्या आईला फोन करावासा वाटत असेल. ओंकार नावाच्या एका महाआळशी मुलानं दोन ओळी लिहिल्या: ‘मी हात हलवत जाईन. हात रिकामे असले तर बाळाला उचलून घेता येतं.’ मी ओंकारचे दोन्ही कान धरून त्याला वर्गापुढे उभं केलं आणि वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. त्याला वाटलं शिक्षाच झाली.

आणि दर्शनानं तिची पाडी नेली.

दर्शना डोंगरातली, कुणब्यांची मुलगी. तिच्या वाडीतून डांबरी रस्त्याला यायला पाऊण तास आणि तिथून बस. वर्गात ती दारापाशी बसायची आणि वर्षभरात चारदा बोलली असेल. तिच्या घरच्या गाईला दोन पावसांमागे वाघानं नेलं होतं. मागे राहिलेल्या वासराला दर्शनानं बाटलीनं दूध पाजून वाढवलं. पाडीच्या कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून तिचं नाव कवडी. हे सगळं मला निबंधातून कळलं. शेवट मला पाठ आहे:

‘गोठ्यात सगळी जनावरं मातीची आहेत. मातीच्या गाईला श्वास नसतो. बाळाला थंडी वाजत असणार. म्हणून मी माझी कवडी घेऊन जाते आणि बाळाच्या उशाशी बांधते. तिचा श्वास गरम असतो, मला माहीत आहे, मी तिच्या पोटाला टेकून झोपलेली आहे. बाळा, ही तुला दिली. तिला वाघाची भीती वाटते, तेवढं सांभाळ.’

मी तो निबंध वर्गात वाचला. वाचला कसला, केला. ‘तुला दिली’ला मी आवाज असा खाली आणला की बाहेर मैदानात कावळासुद्धा थांबला असावा. मग माझ्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे वहीवर लाल शाईनं लिहिलं: ‘घरी सर्वांसमोर वाचून दाखवणे. उभे राहून, मोठ्याने, स्पष्ट.’ चांगला निबंध मी असा घरी पाठवते. घरातल्या माणसांनी ऐकावं, पोराला जरा मोठं वाटावं, एवढाच हेतू.

सोमवारी मधल्या सुट्टीत दर्शना टेबलापाशी आली. वर्षातली पाचवी वेळ.

“बाई, कवडीला पंचवीस तारखेलाच आणायची काय? आज्जा इचारायलाय.”

“कुठं आणायची?”

“रोजामायच्यात. मी वाचलं की घरी.”

मी हसले. ती हसली नाही.

“आज्जा म्हणाला, बोललीस न्हवं, आता द्यायाच पायजे.”

दर्शनाचा आज्जा म्हणजे वाडीचा बुधवंत. देवापुढे उभं राहून सगळ्या गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. कुणाच्या घरी दुखलं-खुपलं, कुणाचं जनावर हरवलं, कुणाच्या शेतात रानडुकरं शिरली, की देवाला काय सांगायचं आणि काय देऊ करायचं ते हा माणूस बोलतो. उभं राहून, मोठ्यानं, स्पष्ट. आणि सगळे घरी कधी असतात? तिन्हीसांजेला, दिवा लागल्यावर. तर या पोरीनं माझ्या लाल शाईला जागून त्या घरात, दिव्यापुढे, घरच्या सगळ्यांच्या देखत, उभं राहून एका देवाला पाडी देऊ केली होती.

शहरगावच्या शाळांत हे घडलंच नसतं. तिथली मुलं रोज चंद्रावर जातात, पंतप्रधान होतात, आणि घरी कुणी विचारत नाही की शपथविधी कधी.

रविवारी मी वाडीवर गेले. वाटेत मनात भाषणाची तालीम करत गेले, हातवाऱ्यांसकट. समोरून सरपण घेऊन येणाऱ्या दोन बायका वाट सोडून बाजूला झाल्या. आज्जा अंगणात कंदांची माती झाडत बसला होता. सडसडीत म्हातारा, डोक्याला टॉवेल. कवडी खुंट्याला होती. मी बसले तशी तिनं माझ्या पदराची चव घेतली आणि पसंत केली. दर्शना दाराशी उभी होती.

“आज्जा,” मी म्हटलं, “तो निबंध होता.”

“व्हय. ब्येस लिवलाय. ऐकताना हिची आई रडली.”

“पण ते खरं नव्हतं हो. कल्पना होती.”

“म्हंजे खोटं?”

“खोटं नव्हे. मनातनं रचलेलं.”

त्यानं एक कंद झाडून बाजूला ठेवला. “बाई, मी बी देवाम्होरं मनातनंच बोलतोय. माझ्याजवळ कुठं कागूद हाय? गावासाठनं कोंबडा बोललो तर कोंबडा द्यायाचा. मनातनं रचलंतं, ऱ्हाऊ दे, असं सांगू देवाला?”

“तुमचं गाऱ्हाणं वेगळं. हे… हे नाटकासारखं आहे.”

“नाटक म्हाईत हाय की. जत्रंत बघिटलंय तुमास्नी. सवतीच्या पोराला इख घालून मारलासा.”

“मारलं,” मी जरा खूश होऊन म्हणाले. भूमिका लक्षात राहिली होती. “पण ते पोर मेलं का खरंच?”

“न्हाई. नाटक सुटल्यावर भजी खायालतं.”

“मग तेच तर मी सांगते—”

“नाटकाला पडदा असतोय, बाई. पडला की समद्यास्नी कळतंय, झालं, घरला चला. हिच्या निबंधाला पडदा कुठं हाय? हुबी ऱ्हाऊन वाच, मोठ्यानं वाच, हे तुमीच लिवून दिलासा न्हवं, तांबड्या शाईनं?”

मी खूप वर्षं रंगमंचावर वावरले आहे, जत्रेतल्या का होईना. समोरच्यानं आपल्या तोंडचं वाक्य काढून घेणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. मी पदर कवडीच्या तोंडातून सोडवायच्या निमित्तानं खाली बघितलं.

आज्जालाच माझी दया आली असावी. म्हणाला, “एक वाट हाय. पोरीनं म्हणावं, मी खोटं लिवलं. येवढंच. मी माफी मागीन, नारळ ठेवीन. पाडी हितंच ऱ्हाईल.”

संपलं की! मी अशी वळले की जणू आता टाळ्याच पडणार. “दर्शना, सांग गं आज्जाला. म्हण, खोटं लिहिलं.”

ती कवडीकडे बघत होती. मी म्हटलं, “घाबरू नकोस. निबंधात सगळेच लिहितात.”

“बाई,” ती म्हणाली, “लिवताना खोटं न्हवतं.”

“अगं, पण तुला खरंच द्यायची होती का कवडी?”

“न्हाई.”

“मग?”

“द्यायची न्हवती. पण लिवताना दिली.”

वर झाडात धनेश पक्षी पंख वाजवत गेला. त्याच्या पंखांचा आवाज कुणीतरी मोठी चादर झटकावी तसा येतो. मी इतकी वर्षं मुलांना ‘मनापासून लिहा’ म्हणत आले. मनापासून लिहिलं तर मनाचं काय होतं, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला कुणी विचारलंही नव्हतं. एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी दाराला टेकून उभी होती, तीन शब्द बोलली की पाडी वाचणार होती, आणि ती ते तीन शब्द बोलत नव्हती.

आज्जानं टॉवेल सोडून पुन्हा बांधला. “कागदावर सबूद लिवून मग काय बी न देणारी मानसं मी लय बघिटली, बाई,” तो म्हणाला. “आपल्या घरात तसलं नको.”

मी घरी आले ती कट रचतच. वाकड्या वाटा मला लवकर सुचतात, हा माझा जुना दोष. मी रोजामायच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला, तिला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. “हे बघ, ती माणसं पाडी घेऊन येतील. तू एवढंच म्हणायचं: माझ्याकडे जागा नाही, परत घेऊन जा. देवाच्या घरूनच नकार आला की आज्जाही सुटला, पोरगीही सुटली.” मी तिला वाक्यंसुद्धा सांगितली. कुठं थांबायचं, कुठं उसासा टाकायचा.

रोजामाय म्हणाली, “नाताळच्या दिवशी, दारात आलेल्याला, जागा न्हाई म्हणून सांगू?”

“हो.”

“बाय गो, तू मला कुणाचा पार्ट दिलायस, कळतंय काय तुला? त्या रात्री बाळाच्या आईबापाला जागा न्हाई म्हणणारा धर्मशाळेचा मनुष्य अजून शिव्या खायलाय!”

आणि तिनं फोन ठेवला.

पंचवीस तारखेला मी सकाळच्या गाडीनं कॅसलरॉकला उतरले. धुकं रुळांवर होतं आणि एका मालगाडीची इंजिनं त्यात उभी राहून धापा टाकत होती. रोजामायच्या पडवीत चांदणी लागली होती. आत केक आणि नेवऱ्यांचा, म्हणजे आपल्या करंज्यांचा, वास. ती माझ्याशी अवाक्षर बोलली नाही, हातात बशी दिली फक्त. अकराच्या सुमाराला ते दोघं आले. जंगलातून पायवाटेनं, दोन तास. आज्जानं धुतलेलं धोतर नेसलं होतं. दर्शना शाळेच्या गणवेशात. तिच्याकडे तोच सगळ्यांत चांगला पोशाख असावा. मध्ये कवडी, शिंगांना झेंडूची माळ.

मी पडवीच्या खांबाला धरून उभी होते. मनात म्हणत होते, आता रोजामाय काहीतरी बोलेल. बाळ म्हणतंय परत न्या, असं काहीतरी. म्हातारी माणसं असं काही छान बोलून सगळं मिटवतात, हे मी कितीतरी नाटकांत बघितलं होतं.

आज्जा गोठ्यापुढे हात जोडून उभा राहिला. “देवा म्हाराजा,” त्यानं सुरुवात केली, त्याच्या रोजच्या आवाजात, जसं आपल्या देवाला म्हणतो तसं, “आमच्या पोरीनं तुला सबूद दिलाय—”

तेवढ्यात कवडीनं मान लांब केली आणि बाळाच्या कुरणातली पहिली करवंटी साफ केली.

“आगं! आगं!” आज्जाचं गाऱ्हाणं तिथंच मोडलं. दर्शनानं दोर ओढला. कवडीला सकाळपासून खायला मिळालं नव्हतं आणि समोर अडीच आठवड्यांची कोवळी नाचणी होती. दुसरी करवंटी गेली. तिसरीला पोचताना तिनं मातीचा एक मेंढपाळ आडवा केला आणि एका मेंढीचा कापूस हुंगून नापसंत केला. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो कुठल्याही नाटकात चालला नसता. आज्जाच्या चेहऱ्यावर तर असं काही होतं, जणू देवळात सगळ्या गावादेखत त्याच्याच घरचं माणूस नैवेद्याच्या ताटावर जाऊन बसलं आहे.

आणि रोजामाय हसायला लागली. उभ्यानं हसली, खांबाला धरून हसली, शेवटी पायरीवर बसून हसली. “इतकी वर्सां,” ती डोळे पुसत म्हणाली, “इतकी वर्सां त्या मातीच्या गायीम्होरं मी पेरते, आणि ते तसंच सुकून जातंय. आज कुणीतरी खाल्लं गो!”

मग ती उठली आणि तिनं दर्शनाच्या हातातला दोर घेतला. मी अजून वाट बघत होते. पण ती दोर परत देईना. पडवीच्या कडेला एक खुंटा ठोकलेला होता, नवा, कालचाच असावा. तिनं कवडीला त्याला बांधलं. गाठ नीट बसली का ते ओढून बघितलं. मला तेव्हा तिचा राग आला, हे मी लपवत नाही.

“दिली काय गो, मनापासून?” तिनं दर्शनाला विचारलं.

“दिली,” दर्शना म्हणाली. मग एकदम भराभर बोलायला लागली. तिला इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. “तिला कानामागं खाजवायला लागतंय, न्हाई तर दूध पाजताना— आता ती दूध पीत न्हाई, पण खाजवायला लागतंयच. शिळं पाणी पीत न्हाई. गाडीचा भोंगा ऐकला तर भिईल, पयले चार दिवस जवळ कोणतरी ऱ्हावा. आनि रात्री दार लावून घ्या, ती वाघाला भितीय.”

रोजामायनं एकेक गोष्ट ऐकून मान हलवली. शाळेची घंटा वाजवायच्या आधी घड्याळाकडे बघायची, तशी.

हे सांगताना मला कळतंय की ऐकणाऱ्याला पाडी परत हवी आहे. मलाही हवी होती. पण कवडी आजही कॅसलरॉकलाच आहे. आता ती गाय झाली. भोंग्याला भीत नाही; इंजिन ओरडलं की ही उलट ओरडते. गेल्या वर्षी व्याली तेव्हा रोजामायनं वर्गाला खरवस खायला घातला. दर्शना दांडेलीला कॉलेजात जाते. सुट्टीत येते तेव्हा एक दिवस रोजामायच्या पडवीत काढते, असं रोजामाय सांगते. कवडी तिला ओळखते का, हे मी तिला विचारलेलं नाही. ते विचारणं माझं काम नाही, इतपत शहाणपण मला उशिरा का होईना आलं.

आणखीही एक आलं. डबा उघडण्याआधी मी अजून सगळं नाटक करते, त्यात काटछाट नाही. पण ‘काहीही लिहा, कल्पनेला कुणी अडवत नाही’ हे वाक्य आता माझ्या तोंडून येत नाही. यंदाच्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, “बाई, खरं लिवायचं की मनातलं?” चार वर्षांपूर्वी मी हात पसरून काहीतरी चमकदार बोलले असते. आता मी म्हटलं, “तू लिही, मग आपण बघू.” आणि वहीवर तांबड्या शाईनं काही लिहिण्याआधी मी निबंध दोनदा वाचते, पहिल्यांदा बाई म्हणून, दुसऱ्यांदा त्या पोराच्या घरातला कुणीतरी म्हणून.

त्या नाताळच्या दुपारी रोजामायनं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मग ते दोघं मला गाडीवर पोचवायला आले. त्यांना दिवस मावळायच्या आत जंगल ओलांडायचं होतं, तरी आले. गाडीला वेळ होता. फलाटावरच्या बाकावर मी आणि आज्जा बसलो. दर्शना समोर उभी राहिली, रिकाम्या हातांनी. दोर नव्हता तर ते हात कुठं ठेवायचे तिला कळत नव्हतं. रुळांपलीकडून एकदा कवडी हंबरली. दर्शनानं तिकडे बघितलं नाही. तिचे डोळे भरून आले, वाहिले, तिनं ते बाहीनं पुसले, आणि आम्ही दोघं म्हातारी माणसं सिग्नल बघत राहिलो.

माझं धाडस पार संपलं होतं. मी मनात ठरवून टाकलं होतं की हा डबा बंद. पुन्हा आत्मवृत्तं, पुन्हा झाडाखाली रडणारा शेतकरी. कुणाच्या घरचं काही जाणार नाही.

आज्जा घसा साफ करून म्हणाला, “बाई, पुढच्या बारीला विषय द्यायच्या आदी मला जरा इचारा. घरात आता दोन बैल आनि एक म्हातारी म्हस, येवढंच ऱ्हायलंय.”

“विचारीन,” मी म्हटलं. “खरं म्हणजे मी आता असले विषय—”

“न्हाई आज्जा,” दर्शना म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं. नाक लाल झालेलं, आवाज अजून ओला.

“विषय बाईंनीच द्यायाचा,” ती म्हणाली. “त्यात काय लिवायचं, आनि लिवलेलं मला झेपतंय काय न्हाई, ते माझं मी बघीन.”

ज्या माणसानं जन्मभर गावाच्या वतीनं शब्द दिले होते, तो आज्जा आपल्या नातीकडे बघत राहिला. मग त्यानं टॉवेलानं बाक झटकला, थोडा सरकला, आणि तिला आम्हा दोघांच्या मध्ये बसायला जागा केली.